सीटखालची तेरा पिल्लं

आमचे हे तेव्हा नारायणगाव ते मंचर अशी वडापची, म्हणजे सीटमागं भाडं घेणारी, जीप चालवायचे. नऊ जणांची गाडी, बसायची सोळा माणसं, आणि टपावर टोमॅटोची रिकामी खोकी. दुपारी दोनच्या सुमाराला ते जेवायला घरी यायचे. आमचं घर हायवेपासून जरा आत, ओढ्याच्या वळणावर. हॉर्न ऐकू आला की मी भाकरी थापायला घ्यायची.

त्या दुपारी हॉर्न वाजला, गाडी दारात थांबली, पण माणूस काही आत येईना. बाहेर जाऊन बघते तर हे बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालून उभे.

"काय झालं?"

"अगं, मंचरपास्नं गाडीत कायतरी चिवचिवतंय. बेल्ट म्हणावा तर बेल्ट चांगला हाये. आता गाडी बंद केली तरी चिवचिव चालूच."

मी कान दिला. आवाज पुढून नव्हताच, मागून येत होता. मागच्या सीटखाली हात घातला आणि सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं एक खोकं बाहेर ओढलं. त्याला वरून भोकं पाडलेली. सुतळी सोडली तर आत गुलाबी, हिरवी, केशरी पिल्लं. कोंबडीची. एकमेकांना चिकटून, माना वर करून ओरडत होती.

अशी रंगवलेली पिल्लं तेव्हा नारायणगावच्या बाजारात टोपलीनं विकायला यायची. लेकरं हट्ट करायची, आया घेऊन द्यायच्या, आणि चार दिवसांत ती मरायची. ही कुणी घेतली आणि कोण विसरून गेलं, ह्यांना काही आठवेना. सकाळपासून चार खेपा झालेल्या, साठ-सत्तर माणसं चढली-उतरली.

"संध्याकाळी स्टँडवर सांगून ठेवतो," हे म्हणाले. "ज्याची असतील तो येईल विचारत. तवर तू बघ."

तेवढ्यात आत्या मागच्या दारानं आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. घरातल्या कोंबड्या त्यांच्या होत्या, आणि त्या बाबतीत दुसऱ्या कुणाचं काही चालायचं नाही. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि मला फक्त खुराडं झाडायची परवानगी होती.

आत्यांनी खोक्यात डोकावून बघितलं. एक हिरवं पिल्लू उचलून त्याचं पोट दाबलं, पाय ओढून बघितले.

"एक-दोन दिसांची हायेत. आठ दिसांत मरतील."

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"करायचं काय? दुसऱ्याची ठेव हाये ती. आपल्या घरात मरता कामा न्हाई."

एवढं बोलून त्यांनी पिल्लं मोजली. तेरा निघाली. आणि मग त्यांनी ते खोकं माझ्या हातात दिलं. मला अजून कळत नाही की तो विश्वास होता की आठ दिवसांनी बोल लावायला कुणीतरी हवं म्हणून.

तेव्हा आमच्या अंगणात कोंबड्यांची दोन बिऱ्हाडं होती. एक तांबडी कोंबडी, तिच्यामागं तीन आठवड्यांची नऊ पिल्लं. दुसरी सात जणांची टोळी, दोन महिन्यांची. त्यांची आई त्यांना सोडून परत अंड्यावर आली होती, त्यामुळे ती मोकाट. घरात शिरायची, पिठात पाय द्यायची, कुणालाच जुमानायची नाही. त्यात आता ही रंगीत तेरा. तीन वयांची पिल्लं आणि खुराडं एकच, तेही दगड-मातीचं, खाली वाकून शिरावं लागेल एवढं.

आत्यांकडं उपाय तयार होता. कोंबडीला मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवेलागणीला तांबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली की हळूच मागून ही तेरा सरकवायची. सकाळी उठल्यावर तिला वाटेल, आपलीच.

त्याप्रमाणं संध्याकाळी आत्यांनी एकेक पिल्लू मुठीत धरून तांबडीखाली सरकवलं. तांबडी जरा कुरकुरली, पंख फुलवले, गप्प बसली. आत्या माझ्याकडं बघून हसल्या. "बघ. ह्याला म्हंत्यात अनुभव."

कोंबडीला मोजता येत नसेल, पण रंग दिसतो. सकाळी खुराड्याचं दार उघडलं तशी तांबडी बाहेर आली, मागं वळून बघितलं, आणि आपल्या पोरांमध्ये गुलाबी-हिरवी भुतं बघून जी खवळली ती काही विचारू नका. मी मध्ये हात घालेपर्यंत एका केशरी पिल्लाच्या डोक्यावर तिनं दोन चोची मारल्या होत्या. रक्त आलं. रक्त दिसल्याबरोबर तिची स्वतःची नऊ पोरं पण त्याच जागी टोचायला लागली. मी तेराच्या तेरा पदरात गोळा केली आणि स्वयंपाकघरात पळाले. केशरी पिल्लाच्या डोक्याला हळद लावली. आता ते केशरी आणि पिवळं असं दोन रंगांत दिसायला लागलं.

आत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या टायमाला रंगीत पिल्लं नव्हती." तेवढं बोलून त्या पाण्याला गेल्या.

मग ती तेरा पिल्लं माझीच झाली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोठ्या खोक्यात भुस्सा पसरला. ऊब पाहिजे म्हणून साठचा बल्ब टांगला. पण आमच्याकडची वीज जायची ती जेवणाच्या वेळेला, आणि यायची आपल्या मर्जीनं. पावसाळ्याचे दिवस, गारवा. लाईट गेली की पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करायची, आणि खालच्यांचा जीव गुदमरायचा. मी सारखी उठून ढीग मोडायची.

ह्यांना यंत्राचा लई सोस. "थांब, मी करतो," म्हणाले. हेडलाइटचा एक बल्ब त्यांच्याकडं पडून होता. त्याला लांब वायर जोडून ती खिडकीतून बाहेर काढली आणि जीपच्या बॅटरीला लावली. पिल्लांना झकास ऊब मिळाली. सगळी पांगून, पाय पसरून झोपली. हे पण झोपले, मी पण झोपले.

सकाळी सहाच्या खेपेला गाडी चालू होईना. चावी फिरवली की नुसतं टक. मी आणि आत्या, दोघींनी मिळून जीपला धक्का मारला, थेट ओढ्याच्या उतारापर्यंत. आत्यांनी पदर खोचला होता आणि धक्का मारता मारता पोराला ऐकू जाईल असं म्हणत होत्या, "कोंबडीच्या पिल्लापायी म्हातारीला गाडीला जुंपली!" शेजारपाजारची चार माणसं बघायला उभी. उताराला गाडी घसरली, इंजिन फुरफुरलं, चालू झालं. हे मागं वळून न बघता गेले. त्या दिवसापासून कंदील. कंदिलाभोवती पत्र्याचा डबा, डब्याला भोकं, आणि डब्याभोवती पिल्लं. ही युक्ती मात्र टिकली.

पंधरा दिवस झाले तरी कुणी विचारत आलं नाही. ह्यांनी नारायणगावच्या स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं होतं. ते उलट ह्यांनाच विचारायचे, "काय भाऊ, पिल्लू कसं हाये?" जसं काही घरी बाळंतपण झालंय. इकडं आत्यांचे आठ दिवस केव्हाच उलटून गेले होते. त्या रोज सकाळी खोक्यात डोकावायच्या, मनातल्या मनात मोजायच्या, आणि पाण्याला जायच्या. तेराच्या तेरा होती.

मग मी चूक केली. पिल्लांना पंखांची पिसं यायला लागली होती, खोकं पुरेना, स्वयंपाकघरात वास यायला लागला. एक दिवस पाऊस उघडला, ऊन पडलं, आणि मी त्यांना अंगणात सोडलं. म्हटलं, सगळी पिल्लंच तर आहेत, खेळतील एकत्र.

टोळीनं त्यांना बघितलं. टोळीतला एक कोंबडा, अजून धड आरवता येत नव्हतं, तो मान ताणून पुढं आला आणि हिरव्या पिल्लाला पाठीवर टोचून आडवं केलं. बाकीच्यांनी कण्यांच्या ताटलीवर ताबा घेतला. ताटली रिकामी झाली तेव्हा माझी तेरा भिंतीला चिकटून उभी होती, एकाच्याही पोटात दाणा नाही. मी टोळीला हाकललं, परत कण्या टाकल्या, तर तांबडीची नऊ आली. त्यांना हाकललं तर टोळी परत. अर्धा दिवस मी हातात झाडू घेऊन तेच करत होते. तरी मला वाटलं, सवय होईल. रोज सोडत राहिले.

चार-पाच दिवसांनी खोक्यातल्या भुश्शात रक्ताचे डाग दिसले. दोन पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून बसली होती. त्यांतलं एक ते डोक्याला हळद लावलेलं केशरी. मी आत्यांना बोलावलं. त्यांनी बघितलं, आणि पहिल्यांदाच त्या माझ्यावर खेकसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "ह्यो रक्ताचा आजार हाये. मोठ्यांना व्हत न्हाई. बारक्यांना खातो."

ह्यांनी एका पिल्लाला भोकं पाडलेल्या डब्यात घातलं, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि मंचरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मागं सोळा माणसं. कुणीतरी विचारलं, "वहिनी, डब्यात काय?" हे म्हणाले, "पेशंट."

तिथले डॉक्टर शांत होते. पिल्लू उलटं करून बघितलं आणि विचारलं, "घरी मोठ्या वयाची पिल्लं आहेत का?"

"आहेत. दोन वयांची."

"आणि सगळी एकाच जागी?"

मी मान डोलावली.

"ताई, मोठी आजारी दिसत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतून रोग जमिनीवर पडतो. लहानांनी ती जमीन टोचली की झालं. त्यात पावसाची ओल. वय वेगळं तर घर वेगळं ठेवायचं."

"डॉक्टर, घर एकच आहे," मी म्हटलं. "त्यात आम्ही पण राहतो."

ते हसले. पाण्यात मिसळायची पूड दिली. भुस्सा रोज बदला, कोरडा ठेवा, मोठ्यांची जागा आणि लहानांची जागा निदान जाळीनं तरी वेगळी करा, खाणं-पाणी जमिनीवर टाकू नका, असं सगळं समजावून सांगितलं. औषधानं अकरा वाचली. ती दोन गेली. केशरी पिल्लू माझ्या हातातच गेलं. मी त्याला शेवग्याच्या झाडाखाली पुरलं, आणि मला एवढं रडू आलं की मीच चकित झाले. एवढ्याशा जीवापायी, तेही दुसऱ्याच्या.

आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, "डोळे पूस. ज्याची हायेत तो आला की आपली दोन त्याला द्यायची. तेराची ठेव तेरानं परत." मग चुलीतलं लाकूड आत सारून, "माझ्या हातनं तर एका वर्षी मानमोडीच्या रोगात सगळं खुराडं गेलं व्हतं. अठरा. मी दोन दिस जेवले नव्हते."

हे मला दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी अंगणाचे भाग पाडले. शेजाऱ्यांच्या द्राक्षबागेतली जुनी जाळी आणली, बांबू रोवले. एका बाजूला माझी अकरा, दुसऱ्या बाजूला बाकीची. एकमेकांना बघू देत, पण पोचायला नकोत. पहिले दोन दिवस टोळी जाळीवर धडका मारायची. तिसऱ्या दिवशी कंटाळली. आठवड्यानं दोन्हीकडची पिल्लं जाळीच्या दोन बाजूंना शेजारीशेजारी मातीत लोळायला लागली.

खरा शोध लागला तो मात्र चुकून. जाळीच्या फटीतून एक गुलाबी पिल्लू टोळीच्या बाजूला गेलं. कोंबडा त्याच्यामागं धावला. पिल्लू पळत पळत भिंतीकडेला पालथ्या पडलेल्या टोमॅटोच्या लाकडी खोक्यात, दोन पट्ट्यांच्या फटीतून आत शिरलं. कोंबडा फटीवर येऊन आपटला. मान आत गेली, छाती बाहेर अडकली. आतून पिल्लू त्याच्याकडं बघत होतं. मग त्यानं, म्हणजे पिल्लानं, आत सांडलेला एक किडका टोमॅटो टोचायला सुरुवात केली. अगदी निवांत.

मी आत्यांना ओरडून बोलावलं.

आमच्याकडं खोक्यांना काय तोटा? मी तीन खोकी पालथी घातली आणि लहानांचं खाणं-पाणी आत ठेवलं. मोठ्यांचं बाहेर, दोन-तीन ठिकाणी, म्हणजे एकावर कुणी ताबा मारला तर दुसरीकडं जाता यावं. लहानांना भूक लागली की फटीतून आत. कुणी अंगावर आलं की फटीतून आत. पोट भरलं, भीती सरली की बाहेर. ती वाढतील तशी मी एकेक पट्टी उचकटून फट मोठी करत गेले. पंधरा दिवसांत जाळी काढून टाकली. भांडणं झाली, नाही असं नाही, पण रक्त निघालं नाही. टोळी, तांबडीची नऊ, माझी अकरा, सगळी एका अंगणात फिरायला लागली. आत्यांनी शेजारच्या दोन बायांना बोलावून खोकी दाखवली. सांगताना म्हणाल्या, "आमी केलंय." 'आमी' ऐकून मी आत जाऊन पाणी प्यायले.

टोळीत एक भुरकी तलंग होती. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. तिच्या एका पायाचं बोट वाकडं होतं. टोळीत तीच सगळ्यांच्या मागं असायची. पावसाची सर आली की माझी अकरा जाऊन तिच्या पोटाखाली शिरायला बघायची. तिचं अंग ते केवढं, चार पिल्लं मावायची, बाकीच्यांच्या ढुंगणावर पाऊस. पण ती हलायची नाही. पंख जरा उचलून, मान आखडून, सर संपेपर्यंत उभी. मला ती फार आवडायला लागली. कण्या घालताना मी मूठभर तिच्यापुढं वेगळ्या टाकायची.

श्रावण निम्मा झाला तेव्हा एका दुपारी जीपचा हॉर्न लांबूनच वाजत आला, लग्नाच्या गाडीसारखा. गाडीतून हे उतरले आणि मागून एक म्हातारी उतरली. काटक, उंच काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर गाठोडं.

"सापडली!" हे म्हणाले. "पिल्लांची मालकीण!"

म्हातारी घोडेगावच्याही पलीकडची, डोंगरातली. तिची कोंबडी अंड्यांवर बसली होती, अंडी सगळी नासली. कोंबडी तर उठेना. म्हणून कोंबडीखाली सोडायला हिनं नारायणगावच्या बाजारातून पिल्लं घेतली. मंचरला जीप थांबली तेव्हा समोर तिच्या गावाची एसटी निघत होती. ती गेली की दुसरी सकाळी. म्हातारी गाठोडं घेऊन पळाली आणि खोकं सीटखाली राहिलं. घरी गेल्यावर तिला वाटलं, एसटीतच राहिलं. मग भाताची लावणी आली. ती उरकून खाली आली तेव्हा एसटीच्या लोकांना विचारलं. त्यांना काय माहीत? शेवटी आज एका जीपवाल्यानं ऐकलं आणि सांगितलं, "मावशी, ती पिल्लं तर लई फेमस हायेत."

"आन् तुमची कोंबडी?" आत्यांनी विचारलं.

"बसली व्हती बिचारी आठ दिस मोकळ्या घरट्यात. मग उठली."

आम्ही तिला अंगणात नेलं. अकराही पिल्लं आता पांढरीशुभ्र झाली होती, लालबुंद तुरे फुटलेले. रंगाचा मागमूस नाही. म्हातारीनं सगळ्या अंगणात नजर फिरवली. मग माझ्याकडं वळून तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "आन् हिरवी कुठं हायेत?"

मला आधी कळेना. मग कळलं. तिला वाटत होतं, हिरव्या पिल्लाची हिरवी कोंबडी होणार.

"मावशी, तो रंग व्हता," हे म्हणाले. "पिसं आली आन् गेला."

म्हातारीनं कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. तोंडात मोजके दात, पण हसू असं की आम्ही सगळे हसलो. "अरं देवा! मी गावात समद्यांना सांगितलं व्हतं, हिरवा कोंबडा आणतीय म्हून!"

आत्या मात्र गंभीर होत्या. त्यांनी समोर उभं राहून सांगितलं, "बाई, तेरा व्हती. दोन गेली. रक्ताच्या आजारानं. आमची दोन घ्या तुमी, तेरा भरतात."

"गेली तर गेली. माझ्याकडं तेराची चार झाली असती. घरामागं मुंगूस हाये."

"न्हाई, ठेव ती ठेव."

"आगं, पाळली तुमी, खायाला घातलं तुमी. निम्मी तुमची."

"आमाला एक पण नको."

दोघी म्हाताऱ्या अशा भांडत होत्या की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बांधावरून जुंपलीय. मी पिठलं-भाकरी वाढली तरी जेवता जेवता चालूच. शेवटी हात धुताना म्हातारीच म्हणाली, "खरं सांगू का? मला कोंबडे नकोच व्हते. मला अंडी पायजेत. हे समदे कोंबडे निघाले. अकरा कोंबडे घेऊन काय त्यांचं भजन करू?"

आत्यांनी खरकटी ताटं गोळा केली.

तेवढ्यात बारीक सर आली. अंगणात ती पांढरी अकरा, आता चांगली मोठी झालेली, सवयीनं भुरक्या तलंगीकडं धावली आणि तिच्या भोवती गर्दी करून उभी राहिली. आता तिच्याएवढीच झालेली, आत तर कुणीच मावत नव्हतं. तरी तिनं पंख उचलले.

म्हातारी ओट्यावरून बघत होती. "ही कुणाची?"

"आमची," आत्या म्हणाल्या.

"ही द्या मला. ही बसली तर पिल्लं टाकायची न्हाई. ही एक द्या आन् दोन कोंबडे. बाकी समदे तुमचे."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी स्वतः हो म्हणून टाकलं असतं तर मला एवढं जड गेलं नसतं. पण त्यांनी विचारलं, "काय गं, देऊ का?" खुराडं झाडणाऱ्या सुनेला विचारलं. मग मी काय म्हणणार?

"द्या," मी म्हटलं.

मीच तिला पकडलं. ती पळालीही नाही. पाय सैलसर बांधले, म्हातारीच्या गाठोड्याशेजारी पिशवीत ठेवलं, डोकं बाहेर राहील असं. म्हातारीनं गाठोडं सोडून त्यातून पायलीभर नवा नाही, जुना, पण वासाचा तांदूळ आमच्या सुपात ओतला. आत्या नको नको म्हणत राहिल्या आणि सूप पुढं धरत राहिल्या. जीप गेल्यावर मी उगाच अंगण झाडलं, दोनदा.

पुढं त्या उरलेल्या नऊ पांढऱ्या कोंबड्यांचं काय झालं हे सांगायची गरज नाही. आमच्याकडं पाहुणे खूप येतात.

दिवाळी झाल्यावर मंचरला एका एसटी कंडक्टरनं ह्यांना निरोप दिला: डोंगरातल्या मावशीनं सांगितलंय, भुरकी अंड्यावर आलीय, सुनेला कळवा. आणि उन्हाळ्यात दुसरा निरोप आला की ती बसली, अकरा निघाली, आणि म्हातारीनं शेजारणीच्या मेलेल्या कोंबडीची मोठी पाच पिल्लं तिच्यात सोडली तर तिनं तीही घेतली. मी त्या दिवशी विनाकारण शिरा केला. आत्यांनी विचारलं, "कसला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तूप जरा जास्त घालायचंस."

त्या वर्षापासून खुराड्याची चावी माझ्याकडं आली. म्हणजे चावी नव्हतीच, कडीला काडी खोचायचो, पण काडी कुणी काढायची ते ठरलेलं होतं.

काही वर्षांनी, ह्यांनी जीप विकून टेम्पो घेतला त्यानंतर, आमच्या बायकांचा बचत गट झाला आणि घोडेगावला पंचायत समितीच्या हॉलमध्ये कुक्कुटपालनाचं शिबिर होतं तिथं आम्ही गेलो. शिकवणारे साहेब तरुण होते, चांगलं समजावत होते. म्हणाले, एका वेळी एकाच वयाची पिल्लं ठेवा, ती विका, जागा धुवा, मगच पुढची आणा. मी मान डोलावली, कारण ते खरंच होतं. माझी दोन त्यापायीच गेली होती. पण मागं बसलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी मीच उठले.

"साहेब, तुमचं बरोबर आहे. पण आमच्या कोंबड्या आपापल्या वेळेला बसतात. कुणाची पिल्लं आठ दिसांची, कुणाची दोन महिन्यांची. एका वयाची कशी करायची?"

साहेब म्हणाले, "मग तुम्ही काय करता, ते सांगा."

मला पुढं नेऊन उभं केलं. हातात माईक. मी खोकी, जाळी, कोरडा भुस्सा, वेगवेगळ्या ताटल्या, सगळं सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मागच्या रांगेतून एक बाई उठली. "ताई, तुमचं समदं पटलं. पण माझी कोंबडी पिल्लं घिऊन आमच्या पलंगाखाली बसलीय. पाय खाली ठेवला की टोचती. आमचे मालक चार दिस झाले, पलंगावरून उडी मारून दारात जात्यात. काय करू?"

हॉल हसायला लागला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "किती दिवसांची आहेत पिल्लं?"

"सहा दिसांची."

"मग अजून पंधरा दिवस मालकांना उड्या मारू द्या," मी म्हटलं, आणि खाली बसले.